मुलाला शिकवलं, पण मोठ्यांचं काय?

मुलांवरचे अत्याचार होऊच नयेत म्हणून ज्या संस्था काम करतात त्यांच्याबद्दल मागच्या अंकात लिहिलं होतं. त्यावर एवढी पत्रं आणि मेल आलेत की सगळ्यांना उत्तर देणं शक्यच नाही, म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आलेत ते घेतलेत. नावं काढून टाकलीत आणि ओळख पटेल असे तपशीलही गाळलेत.

प्रश्न: अशा एका संस्थेला मी दरमहा देणगी देतो. यंदाचा अहवाल आला तर त्यात खर्चाचा मोठा भाग 'नव्या पालकांच्या घरी भेटी' आणि 'पालक गट' यावर. किती मुलं सोडवली, किती जणांना शिक्षा झाली, याचा पत्ताच नाही. माझे पैसे आयांशी गप्पा मारण्यात जातायत का?

हो, जातायत, आणि त्यासाठीच दिलेत असं समजा. तुमच्या मनात जी संस्था आहे ती सोडवणारी, आणि ही आहे आधी थांबवणारी. दोन्ही लागतात पण कामं वेगळी.

सुरुवात सोडवण्यापासूनच झाली हे खरंय. 1874 मध्ये न्यूयॉर्कमध्ये मेरी एलन विल्सन नावाची एक लहान मुलगी होती, तिला सांभाळणारी बाई तिला मारहाण करायची. तिला त्या घरातून बाहेर काढायला शेवटी पुढे आले ते प्राण्यांच्या छळाविरुद्ध काम करणारे हेन्री बर्ग आणि त्यांचे वकील एल्ब्रिज गेरी, कारण मुलांसाठी अशी संस्थाच नव्हती. त्या केसमधूनच मुलांसाठीची वेगळी संस्था उभी राहिली, मग 1884 मध्ये लंडनमध्येही झाली. 1962 मध्ये डेन्व्हरचे बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेख लिहून डॉक्टरांना सांगितलं की 'पडला' म्हणून आणलेल्या मुलाची हाडं जरा नीट बघा, हे मारहाणीचं असू शकतं. पण या सगळ्यात मूल जखमी झाल्यावरच आपण पोचतोय ना?

म्हणून सत्तरच्या दशकाच्या शेवटी डेव्हिड ओल्ड्स या संशोधकाने न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा या छोट्या शहरात वेगळाच प्रयोग केला. पहिलटकरीण बायका, त्यात बऱ्याच कमी वयाच्या, एकट्या, पैशाची ओढाताण असलेल्या, त्यांच्या घरी गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत नर्स जात राहिली. बस, एवढंच. पंधरा वर्षांनी त्या कुटुंबांचा माग काढला तेव्हा छळ आणि हेळसांड यांच्या नोंदी, नर्स न गेलेल्या कुटुंबांच्या मानाने जवळपास निम्म्या होत्या.

आता या 'गप्पा' कशा असतात ते सांगते. कार्यकर्ती घरात गेल्यावर आधी बाळाकडे झेप घेत नाही, आईला विचारते, काल रात्री झोप झाली का. बाळ झोपतं कुठे ते बघते, उशा-गोधड्यांचा ढीग असेल तर हसत हसत बाजूला करते, औषधाच्या बाटल्या कुठे ठेवल्यात, मदतीला कोण असतं, हे सगळं बोलता बोलता विचारून घेते. पहिल्या दोन-तीन भेटींत सगळं 'छान चाललंय' असतं. मग एखाद्या दिवशी चहाचा कप विसळता विसळता पाठमोरी उभी राहून ती आई म्हणते, हे चिडले की वस्तू फेकतात हो. खरं काम तिथून सुरू होतं. अहवालात याची नोंद कशी होते? 'एक भेट'.

तर अहवाल बघताना सोडवलेल्या मुलांचा आकडा शोधू नका. हे विचारा की जेवढी कुटुंबं सुरुवातीला आली त्यातली किती शेवटपर्यंत टिकली, एका कार्यकर्तीकडे किती घरं आहेत, आणि संस्थेतल्याच माणसाबद्दल तक्रार आली तर ती कोणाकडे जाते. आणि अहवालात अत्याचार झालेल्या मुलाचा चेहरा आणि त्याची कहाणी छापलेली असेल तर मात्र देणगी थांबवायचा विचार जरूर करा.

प्रश्न: माझं बाळ सात आठवड्यांचं आहे. संध्याकाळी दोन-दोन तास रडतं, काही केल्या थांबत नाही. परवा मी त्याला दंडाला धरून उचललं आणि क्षणभर गदागदा हलवावंसं वाटलं. हलवलं नाही. पण तेव्हापासून स्वतःची भीती वाटतेय. संस्थेच्या नंबरवर फोन केला तर बाळ काढून घेतील का?

आधी हे ऐक, तू हलवलं नाहीस. आणि जे वाटलं ते खूप आयांना आणि बाबांना वाटतं, फक्त कोणी बोलत नाही.

बाळाचं रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढायला लागतं, सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास कळस गाठतं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत बरंच कमी होतं. म्हणजे तू आत्ता सगळ्यात अवघड आठवड्यात आहेस. पोट भरलंय, लंगोट कोरडा आहे, ताप नाही, काही टोचत-बोचत नाही, एवढं बघून झालं आणि तरी रडतंय तर कधीकधी ते रडणारच असतं, त्यात तुझं काही चुकत नाही. ताप असेल, दूध ओढत नसेल, उलट्या होत असतील किंवा रडण्याचा आवाजच वेगळा वाटला तर मात्र थेट डॉक्टर.

आणि डोकं फिरायला लागलं की बाळाला पाठीवर, मोकळ्या सुरक्षित पाळण्यात ठेव, दार लोटून घे आणि दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. पाणी पी, तोंडावर पाणी मार, कुणाला तरी फोन कर. दहा मिनिटं रडून बाळाला काही होत नाही. हलवल्याने मात्र होतं, कारण डोकं जड, मान कमकुवत, आतमध्ये मेंदू हिसके खातो आणि रक्तस्राव होतो, त्यातून आंधळेपण येऊ शकतं, मृत्यूसुद्धा. ज्यांच्या हातून हे खरंच घडलंय आणि जे हे वाचतायत त्यांनी आत्ता उठून हॉस्पिटलला जा आणि काय झालं ते खरं सांगा, 'पडलं' म्हणालात तर उपचाराला उशीर होतो.

फोनबद्दल म्हणशील तर प्रतिबंधाचं काम करणाऱ्या संस्थांच्या पालक-हेल्पलाइन अशाच फोनसाठी असतात. 'मला भीती वाटतेय' असं सांगणाऱ्या आईला पलीकडून आधी विचारतात, आत्ता घरात दुसरं कोणी आहे का, बाळ कुठेय, तू जेवलीस का. बाळाला तातडीचा धोका दिसला तर त्यांना पुढे कळवावं लागतं हे खरं, पण तू मदत मागतेयस, ती गोष्ट वेगळी. आणि हे विचार रोज यायला लागले, रडू येत राहिलं, बाळाबद्दल काही वाटेनासं झालं, तर ते बाळंतपणानंतरचं डिप्रेशन असू शकतं, डॉक्टरांना सांग, त्यावर उपचार आहेत.

जाता जाता एक सांगते, कारण या क्षेत्रात यशाच्याच गोष्टी फार सांगितल्या जातात. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात बाळंतिणींना हॉस्पिटलमध्येच माहितीपत्रक आणि व्हिडिओ दाखवून, सही घेऊन घरी सोडायचे, तिथे हलवल्यामुळे होणाऱ्या मेंदूच्या इजा जवळपास निम्म्याने घटल्या असं 2005 मध्ये छापून आलं. मग तेच पेनसिल्व्हेनियात राज्यभर केलं तर हॉस्पिटलात दाखल होणारी बाळं काही कमी झाली नाहीत. माझ्या मते याचा अर्थ सांगू नका असा नाही, पण नुसतं सांगून भागत नाही, त्या संध्याकाळी बाळ हातातून घेणारं कोणीतरी लागतं.

प्रश्न: मुलीला 'गुड टच बॅड टच' शिकवलंय, शाळेतही संस्थेच्या लोकांनी येऊन सेशन घेतलं. आता निर्धास्त राहायला हरकत नाही ना?

आहे हरकत. शिकवलंत ते उत्तमच, पण निर्धास्त तुम्ही झालात आणि जबाबदारी गेली मुलीकडे, असं व्हायला नको.

शाळांमधल्या अशा सेशनवरच्या 24 अभ्यासांचा एकत्र आढावा 2015 मध्ये निघाला. त्यातून दिसलं की मुलांची माहिती वाढते, काय करायचं हे त्यांना जास्त कळतं, पण त्यामुळे प्रत्यक्ष अत्याचार कमी होतात का हे मात्र सिद्ध झालेलं नाही. आणि नीट विचार केला तर यात आश्चर्य काय? बहुतेक वेळा अत्याचार करणारा मुलाच्या ओळखीचा असतो, घरातला, नात्यातला, शिकवणारा, आवडता. तो आधी घरच्यांचा विश्वास कमावतो, मग मुलाला खास वागवतो, छोट्या छोट्या गोष्टी 'आपल्या दोघांत' ठेवायला शिकवतो, आणि मग हळूहळू पुढे सरकतो. तो स्पर्श मुलाला 'बॅड' वाटेलच असं नाही, कधी गुदगुल्यांसारखा वाटतो, कधी फोनवरच सगळं चालतं आणि स्पर्शाचा प्रश्नच येत नाही. सात वर्षांच्या मुलीने हे सगळं ओळखून, घाबरून न जाता, मोठ्या माणसाला 'नाही' म्हणून, पळून येऊन तुम्हाला सांगायचं? मोठ्यांनाही जमत नाही हो.

म्हणून घरी दोन-तीन गोष्टी बदला. शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं नीट शिकवा, टोपणनावं नकोत, म्हणजे ती कधी काही सांगेल तेव्हा समोरच्याला कळेल. सरप्राइज आणि गुपित यातला फरक सांगा, सरप्राइज थोड्या दिवसांनी सगळ्यांना कळतं, जे कायमचं लपवायला सांगितलं जातं ते घरी सांगायचंच. तिला कुणाला मिठी मारायची नसेल तर जबरदस्ती करू नका, मग तो माणूस कितीही जवळचा असो, नमस्कार करू दे, टाटा करू दे. आणि एक वाक्य अधूनमधून म्हणत राहा, काहीही झालं, तू कितीही उशिरा सांगितलंस, तरी मी तुझ्यावर रागावणार नाही.

दुसरा भाग मोठ्यांचा, आणि चांगल्या संस्था हल्ली यावर जास्त जोर देतायत. शाळा, क्लास, मैदान, शिबिर, जिथे मूल जातं तिथे विचारा, एकटा मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत राहू शकतो का? दाराला काच आहे का? कोच मुलांना रात्री पर्सनल मेसेज करू शकतो का? माणूस नेमताना आधीच्या ठिकाणी फोन करून विचारलं होतं का? तक्रार कोणाकडे करायची हे मुलांना माहितीये का? आमचे सर देवमाणूस आहेत, असं उत्तर मिळालं तर मी तरी दुसरा क्लास बघेन. नियम देवमाणसालाही अडचणीचे नसतात.

प्रश्न: एप्रिल, म्हणजे मुलांवरचे अत्याचार रोखण्याचा महिना, आला की निळी रिबीन, निळी भिंगरी, निळ्या डीपी. याने एक तरी मूल वाचतं का?

डीपीने नाही वाचत. निळ्या रिबिनीमागची गोष्ट मात्र खरी आहे, 1989 मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियातल्या बॉनी फिनी या आजीने मारहाणीत गेलेल्या नातवाच्या आठवणीत ती गाडीच्या अँटेनाला बांधली, निळा रंग त्याच्या अंगावरच्या वळांचा. लोक विचारायचे आणि ती सांगायची. भिंगरी 2008 ची, 'प्रिव्हेंट चाइल्ड अब्यूज अमेरिका' या संस्थेने आणली, मुद्दाम आनंदी बालपणाची खूण म्हणून. लावायची तर लावा, पण कोणी विचारलं तर सांगायला काही असू द्या, निदान हेल्पलाइनचा नंबर तरी.

प्रश्न: शेजारच्या घरातून रात्री मुलाच्या किंचाळण्याचे आणि मारण्याचे आवाज येतात. पुरावा काही नाही. उद्या चूक ठरलो तर? संबंध बिघडतील, त्या कुटुंबाची बदनामी होईल.

पुरावा गोळा करणं तुमचं काम नाहीच. शंका यायला कारण आहे, एवढं पुरतं. तपास करणारे वेगळे असतात आणि ते त्याचं प्रशिक्षण घेतलेले असतात.

आत्ता या क्षणी आवाज येत असेल, जिवाला धोका वाटत असेल तर पोलीस, बाकी विचार नंतर. एरवी बाल-हेल्पलाइन. भारतात 1098 आहे, दुसऱ्या देशांत आपापले नंबर आहेत. फोनवर साधारण हेच विचारतात, मूल किती वर्षांचं असावं, काय ऐकलं किंवा पाहिलं, कधीपासून, किती वेळा, घरात अजून कोण आहे, मूल शाळेत जाताना दिसतं का. म्हणून आजपासून एका वहीत तारीख, वेळ आणि जसंच्या तसं ऐकलेलं लिहा. 'खूप मारतात' असं नका लिहू, 'रात्री पावणेअकरा, पट्ट्यासारखा आवाज, मूल म्हणत होतं परत नाही करणार' असं लिहा. फोन करणाऱ्याचं नाव बहुतेक ठिकाणी गुप्त ठेवतात, तरी फोनवरच विचारून घ्या.

कायदा जागोजागी वेगळा आहे. भारतात 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते कळवणं कोणालाही बंधनकारक आहे, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला संरक्षणही आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत ही सक्ती शिक्षक, डॉक्टर अशा ठरावीक लोकांवर आहे, काही राज्यांत सगळ्यांवर.

बदनामीची भीती मला कळते. पण एका फोनने मूल लगेच घरातून उचललं जातं असं नसतं, बऱ्याचदा आधी चौकशी, मग कुटुंबाला काय मदत देता येईल ते बघतात. उलट मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची, की गरिबीलाच हेळसांड समजून तक्रारी होतात. अमेरिकेतल्या सरकारी आकड्यांत छळ किंवा हेळसांड झालेल्या मुलांपैकी साधारण तीन चतुर्थांश मुलं हेळसांडीच्या खाती असतात. त्यात काही घरं अशी असतात की आई दोन ठिकाणी कामाला जाते आणि मूल सांभाळायला कोणी नाही. तिथे तपासनीस पाठवण्याआधी पाळणाघर शोधून द्यावं लागतं. तुमच्या केसमध्ये तसं नाही, मारण्याचा आवाज आहे, तेव्हा फोन करा. आणि हो, स्वतः जाऊन त्या बापाला जाब विचारू नका, तुम्ही परत आल्यावर मार त्या मुलालाच बसतो.

प्रश्न: मी शिक्षिका आहे. एका विद्यार्थ्याने 'कोणाला सांगणार नाही ना' असं विचारलं, मी 'नाही' म्हणाले, आणि मग त्याने घरातल्या एकाबद्दल जे सांगितलं त्याने माझी झोप उडालीये. शब्द मोडू का?

मोडा, उद्याच. पण आधी त्याला सांगून मोडा. 'तू मला सांगितलंस ते फार बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही, पण तुला सुरक्षित ठेवायचं तर मला अमुक व्यक्तीला सांगावंच लागेल, तेवढ्याच लोकांना सांगेन.' तो चिडेल, कदाचित म्हणेल मी खोटं बोललो. तसं म्हणाला तरी कळवायचंच, घाबरून माघार घेणं या मुलांमध्ये नेहमीचं आहे.

त्याला आणखी खोदून विचारू नका. 'त्याने इथे हात लावला का' असले प्रश्न तर अजिबात नाही, पुढे कोर्टात हेच म्हणतात की बाईंनीच शब्द त्याच्या तोंडात घातले. 'मग काय झालं?' एवढंच पुरे. तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत, व्याकरण न सुधारता, तारीख-वेळ टाकून लिहून ठेवा. घरी फोन करू नका, ज्याच्याबद्दल सांगितलंय तोच फोन उचलायचा. शाळेत बालसंरक्षणाची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांना सांगा, पण ते 'बघू, शाळेचं नाव जाईल' म्हणाले तर थेट हेल्पलाइन किंवा पोलीस, तुमची जबाबदारी त्यांना सांगून संपत नाही.

पूर्वी अशा मुलाला तेच तेच शिक्षकांना, पोलिसांना, डॉक्टरांना, वकिलांना सांगत फिरावं लागायचं. 1985 मध्ये अमेरिकेतल्या हंट्सव्हिल शहरात त्यावर उपाय म्हणून पहिलं बालकेंद्र सुरू झालं, कल्पना तिथले सरकारी वकील बड क्रेमर यांची. साधं घरासारखं ठिकाण, एका खोलीत दोन खुर्च्या, कागद, रंगीत खडू. प्रशिक्षित एकच व्यक्ती मुलाशी बोलते, बाकीचे पोलीस, समाजसेवक वगैरे दुसऱ्या खोलीतून बघतात, सगळं रेकॉर्ड होतं. मूल 'आठवत नाही' म्हणालं तर ती व्यक्ती 'चालेल' म्हणते आणि गप्प बसते, कितीही वेळ. बघणाऱ्यांना ती शांतता फार जड जाते, आणि बऱ्याचदा त्यानंतरच मूल बोलायला लागतं. तुमच्या जवळ असं केंद्र आहे का हे हेल्पलाइनवालेच सांगतील.

प्रश्न: आम्हीही मार खाल्ला, काय बिघडलं? आता या संस्था म्हणतात चापटसुद्धा नको. मग शिस्त लावायची कशी?

तुमचं नसेल बिघडलं. पण ते मारामुळे नाही, बाकी घर चांगलं असेल म्हणून. 2016 मध्ये एलिझाबेथ गर्शॉफ या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्याने 1,60,927 मुलांवरचे अभ्यास एकत्र केले, त्यात मुलाला फटके देण्याशी आक्रमकपणा, मानसिक त्रास, आईबापांशी बिघडलेलं नातं असल्याच गोष्टी जोडलेल्या दिसल्या, फायदा काही दिसला नाही. आणि संस्थांना चापटीचं एवढं का पडलंय, तर गंभीर जखमी झालेल्या कितीतरी मुलांच्या केसची सुरुवात 'शिस्त लावत होतो' अशीच असते. चापटीने ऐकलं नाही की जोर वाढतो.

स्वीडनने 1979 मध्ये जगात पहिल्यांदा मुलांना मारणं कायद्याने बंद केलं, घरातसुद्धा, आणि ते लोकांपर्यंत पोचवायला दुधाच्या पिशव्या-खोक्यांवर माहिती छापली. आता साठाहून जास्त देशांत असा कायदा आहे. शिस्तीचं विचाराल तर नियम थोडे ठेवा, आधी सांगा, मोडला तर जो परिणाम सांगितला होता तोच आणि लगेच, आणि नीट वागला तेव्हा तेही बोलून दाखवा, हे आपण अजिबात करत नाही. कंटाळवाणं आहे, पण चालतं.

प्रश्न: मी उत्साहाने संस्थेत स्वयंसेवक व्हायला गेलो तर त्यांनी पोलीस व्हेरिफिकेशन मागितलं, दोन ओळखीच्यांचे नंबर घेतले, वर म्हणे पहिले काही महिने मुलांसोबत एकटं बसायचं नाही. माझ्याकडे असं संशयाने बघणार असतील तर जाऊ का?

जा. बरी संस्था सापडलीये तुम्हाला. गेल्या गेल्या मुलांच्या खोलीची किल्ली हातात दिली असती तर मी तुम्हाला नाही, पण त्या संस्थेला नक्की सोडा म्हणाले असते. मुलांपर्यंत पोचू पाहणारा माणूस मुलं असतील तिथेच येणार, त्यामुळे हे सगळ्यांनाच विचारतात, मलाही विचारलं होतं. तोवर त्यांचा हिशोब लिहा, पालक गटाच्या दिवशी खुर्च्या लावा, हेल्पलाइनचं प्रशिक्षण मिळत असेल तर त्याला नाव द्या, रात्रपाळीला माणसं कायम कमी असतात.